डबा रिकामा परत द्यायला शिका, ताई

पत्र थोडक्यात देते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"मावशी, सलाम. माझं वय ५८, ३१ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, कोविडची दोन्ही वर्षं ड्युटी केली, मग रिटायर झाले. चर्चच्या महिला मंडळात आजाऱ्यांच्या भेटीचं काम माझ्याकडे आहे. लोक म्हणतात सिस्टरचं मन मोठं. पण वर्ष झालं, कोणाचं दुःख ऐकलं तरी आत काही हलत नाही. तोंडाने प्रार्थना चालू असते आणि लक्ष घड्याळाकडे. मागच्या महिन्यात मंडळातल्या एका विधवा बहिणीने मुलाच्या फीसाठी तिसऱ्यांदा पैसे मागितले. दिले, पण उपासनेनंतर चार बायकांसमोर बोलून गेले की माझ्या घरी पैशाचं झाड नाहीये. त्यानंतर तीन रविवार ती आलीच नाही. त्यात पाळकसाहेबांनी नेमका चांगल्या शोमरोन्यावर संदेश दिला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर शुक्रवारी उपास करून देवाकडे कळवळा मागतेय, येत नाही. मंडळ सोडू का? ता. क. उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही म्हणून केस कापून टाकले. शुगर उपाशीपोटी २४० आली. कोणाला सांगितलं नाही, मिस्टरांनाही नाही. सिस्टरच आजारी म्हटल्यावर लोक काय म्हणतील."

ताई, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मी ताज्या कलमापाशीच अडकले. एवढं लांबलचक पत्र कळवळ्यावर, आणि केस कापले ही गोष्ट खाली कोपऱ्यात, जसं काही दुधाचा हिशोब लिहायचा राहून गेला होता. मला विचाराल तर तेच तुमचं खरं पत्र आहे, वरचं सगळं त्याची प्रस्तावना. म्हणून उत्तर पण खालून वर देते.

तर आधी खांदा आणि शुगर. शुगरवाल्यांचा खांदा आखडतो हे तुम्ही आजवर किती पेशंटना सांगितलं असेल, मी तुम्हाला काय शिकवणार. याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. आणि शुक्रवारचा उपास तूर्त बंद. २४० शुगर असताना कोणाला न विचारता उपास धरायचा याला मी तरी भक्ती म्हणणार नाही, तुमच्या वॉर्डात एखाद्या बाईने असं केलं असतं तर तुम्ही तिला असं झापलं असतं की शेजारच्या खाटेवरच्या बाईनेपण घाबरून गोळी घेतली असती. आणि डॉक्टरांकडे गेलाच आहात तर हेही सांगा की वर्षभर आत काही हलत नाही, झोप कशी आहे, सकाळी उठावंसं वाटतं का नाही, सगळं. ३१ वर्षं दुसऱ्यांचं दुखणं काढलेलं माणूस थकतं, त्यात कोविड, आणि कधीकधी हे साधं थकणं नसतं, डिप्रेशन असतं, त्याला औषध असतं आणि ते घेतलं म्हणून कोणाचा विश्वास कमी होत नाही. चर्चमध्ये हे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

आता कळवळा.

तुम्ही जो शब्द मागताय तोच जरा उलटून बघा ना. मत्तयाच्या शुभवर्तमानात ९ व्या अध्यायात येशू ती गर्दी बघतो, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी पांगलेली माणसं, आणि त्याला त्यांचा कळवळा येतो. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो आतड्यांवरून आलाय, पोटातल्या आतड्यांवरून, अगदी खरंच. आणि आपल्या आज्यांना ग्रीक येत नव्हतं तरी त्या नेमकं हेच बोलायच्या, आतडं तुटलं गं, पोटात कालवलं गं. म्हणजे ही गोष्ट डोक्यातून निघत नाही आणि मंडळाच्या वहीतून तर नाहीच नाही, पोटातून निघते, आणि पोटाला फक्त तेच कळतं जे त्याच्यावर एकदा येऊन गेलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणखी काय.

तुम्ही ३१ वर्षं खाटेच्या बाजूला उभं राहिलात. खाटेवर कधी झोपलात का? आणि आता झोपायची वेळ आली, हात वर जाईना, तर तुम्ही काय केलंत, केस कापून टाकले. कोणाला तरी "जरा वेणी घालून दे गं" म्हणण्यापेक्षा केस गेलेले बरे. ताई, रागावू नका, पण त्या विधवा बहिणीला तुम्ही जे बोललात ना, ते आणि ही कात्री मला एकाच ड्रॉवरमधली वाटते. ज्याला स्वतःचं मागणं सहन होत नाही त्याला दुसऱ्याचं मागणं तिसऱ्यांदा ऐकलं की आतून चीड येते, मी मरमर करून कोणाकडे मागत नाही आणि ही बिनधास्त येऊन मागते. ही चीड मला चांगली ओळखीची आहे म्हणून सांगतेय.

माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन, नंतर तीन महिने वॉकर. त्याआधी आमच्या चर्चमध्ये कोणाकडे बाळंतपण असो, मयत असो, माझा डबा पहिला पोचायचा आणि खोटं कशाला बोलू, पहिला पोचल्याचा मला आनंदपण व्हायचा. आता डबे माझ्याकडे यायला लागले. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत द्यायचा नसतो, निदान मूठभर साखर, दोन लाडू, काहीतरी घालूनच द्यायचा, आईने मनावर कोरलेलं. मला तर उभंपण राहता येत नव्हतं. मग मी काय केलं असेल, उशीखाली एक वही ठेवली. कोणाचा डबा, कुठल्या तारखेला, त्यात काय होतं, पुरणपोळी असेल तर किती. बरी झाले की सगळ्यांचं व्याजासकट फेडायचं. ती वही बघून माझी सून पोट धरून हसली होती, मला तेव्हा तिचा राग आला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक भाभी राहतात, नमाजी बाई, वीस वर्षांची ओळख पण जिन्यातल्या सलामापुरती. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी त्या आल्या, माझं डोकं बघितलं, खाजवून खाजवून पोपडे निघालेले, एक शब्द न बोलता बादली भरली, मला खुर्चीवर मागे मान टाकून बसवलं आणि डोकं धुवायला घेतलं. मला इतकं कसंतरी झालं, म्हटलं भाभी, हे मी कसं फेडणार हो. त्या म्हणाल्या, पहिले डोळे मिटा, शॅम्पू जाईल. बस, एवढंच बोलल्या. मी डोळे मिटले आणि ढसाढसा रडले, कितीतरी वर्षांत रडले नव्हते अशी, आणि त्यांनी पाणी घालणं थांबवलं नाही.

त्यानंतर मी संत झाले असं काही नाहीये, माझ्या सुनेला विचारा. पण एक बदललं. आधी मी आजाऱ्याच्या खोलीत उभ्याउभ्या प्रार्थना करून यायचे. आता गेले की आपोआप दिसतं, पाण्याचा तांब्या हात पोचेल तिथे नाहीये, उशी घामाने ओली आहे, या बाईला मघापासून बाथरूमला जायचंय पण पाळकसाहेब समोर बसलेत म्हणून बोलत नाहीये. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या हातापासून लांब ठेवलेल्या तांब्याने शिकवलं. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो ना, देव आमचं सांत्वन करतो ते कशासाठी तर आम्ही दुसऱ्यांचं करावं म्हणून. मी चाळीस वर्षं त्यातला दुसरा अर्धाच भाग वाचत होते.

बरं, पाळकसाहेबांचा शोमरोनी. येशूची गोष्ट अशी, लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला बघून याजक आणि लेवी, म्हणजे देवळातली माणसं, बाजूने निघून गेली, आणि यहूदी ज्यांना दूर ठेवायचे त्या शोमरोन्यांतल्या एकाने त्याला उचलून आपल्या गाढवावर घातलं. ही गोष्ट ऐकताना आपण सगळे लगेच शोमरोन्याच्या गाढवावर जाऊन बसतो, नाहीतर मग याजक-लेवी आपणच म्हणून रडत बसतो, जसं तुमचं झालं. पण येशूचा शेवटचा प्रश्न बघा, लुटारूंच्या हातात सापडलेल्या माणसाचा शेजारी या तिघांतला कोण झाला. म्हणजे बघायचं कुठून, तर रस्त्यावर अर्धमेला पडलाय त्याच्या जागेवरून. आणि त्या पडलेल्या यहूद्याला वाचवतो कोण, तर ज्याच्या हातचं पाणीही चालणार नाही असा माणूस. तिकडे योहानाच्या ४ थ्या अध्यायात तर अजूनच उलटं, तिथे प्रभू स्वतः दुपारच्या उन्हात थकून याकोबाच्या विहिरीवर बसलाय, जवळ पोहरासुद्धा नाही, आणि एका शोमरोनी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. संभाषणाची सुरुवातच मागण्यापासून. जिवंत पाणी देणारा आधी साधं पाणी मागतो. आता यावर मोठमोठे संदेश होतात, पण मला नेहमी त्या बाईचं वाटतं, भर दुपारी एकटी पाण्याला येणारी बाई, तिच्याकडे कोणी काही मागायलाच आलं नसेल कित्येक वर्षांत, आलं असेल तर वेगळंच मागायला.

हाच अध्याय पंडिता रमाबाईंना भेटला होता, म्हणजे तुम्हाला माहीत असेल पण परत सांगते कारण आपल्याकडे रमाबाई म्हटलं की केडगावचा मुक्ती आश्रम आणि फोटोतली ती पांढऱ्या लुगड्यातली बाई एवढंच राहतं. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे वडील, आई, बहीण असे एकामागून एक गेले. मोठ्या विद्वानाचं घर, हजारो श्लोक पाठ, पण अंगमेहनत करायची नाही आणि हात पसरायचा नाही. आई शेवटच्या दुखण्यात भुकेने कासावीस, म्हणून ही पोरगी शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली, आणि मागताना जीभ उचलेना. शेजारणीने दिला बिचारीने. पण आईला तो खाण्याचं त्राणच उरलं नव्हतं. रमाबाईंनी नंतर हे स्वतः लिहून ठेवलंय, लपवलं नाही.

पुढे नवरा वारला, पदरात लहान मुलगी, कानाने कमी ऐकू यायचं, अशा परिस्थितीत १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे (या नर्स नव्हेत, मठातल्या जोगिणी) राहिल्या, त्यांच्याच छपराखाली. तिथे लंडनजवळ फुलहमला त्यांनी बघितलं की ज्या बायकांना समाजाने टाकलंय त्यांना या सिस्टर प्रेमाने सांभाळतायत. यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तर त्या सिस्टरने त्यांना विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. मग भारतात शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, काढायला बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षं पैसे पुरवायची जबाबदारी घेतली, म्हणजे तेही मागूनच आणलं. आणि १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा या बाईला घरात बसवेना, स्वतःच्या दुष्काळाची आठवण, तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर मुक्तीत माणसं दोन हजारांच्या जवळ गेली. मला कायम वाटतं की त्या तीनशे मुलींच्या आधी एक बाजरीचा तुकडा आहे. ज्या बाईची जीभ मागताना अडकली होती तिलाच कळणार ना, की रस्त्याकडेला बसलेल्या पोरीच्या तोंडून शब्द का फुटत नाही.

आता करायचं काय ते. उपदेश पुष्कळ झाला.

त्या बहिणीकडे जा. एकट्या जा, मंडळाची बाई सोबत नको आणि फीचं पाकीटसुद्धा नको, पाकीट नेलंत तर ती पुन्हा घेणारी आणि तुम्ही पुन्हा देणाऱ्या, आणि माफी बाजूलाच राहील. सरळ म्हणा, मी चार जणींसमोर तुझा अपमान केला, माझं चुकलं. "तुला वाईट वाटलं असेल तर" असलं काही नको. आणि पुढच्या रविवारी त्याच चौघींसमोर तेवढ्याच आवाजात म्हणा की मी हिला बोलले ते चुकीचं होतं, कारण अपमान जिथे झाला तिथेच तो धुवावा लागतो. ती लगेच विरघळेल असं नाही. कदाचित दार अर्धं उघडून ऐकेल आणि बरं म्हणून लावून घेईल. घेऊ द्या. माफ करायची तारीख तिने ठरवायची.

आणि मग, त्या दिवशी नाहीतर कधी नंतर, तिला तुमच्या खांद्याचं सांगा. माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणा, जमलं तर. खरंच सांगतेय, मंडळात तिच्याकडे आजवर प्रार्थना कोणी मागितली आहे का आठवून बघा. तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या ढीगभर, पण तिला "माझ्यासाठी कर" म्हणणारी एकपण नसेल. फक्त एक सांभाळा, तिला घरकामाला लावू नका. मदत मागणं वेगळं आणि उपकाराच्या बदल्यात भांडी घासून घेणं वेगळं, हे असलं आपल्या चर्चमध्ये होताना मी बघितलंय आणि ते बघून माझं डोकं फिरतं.

फीचं मात्र तुमच्या एकटीच्या पर्समधून बंद करा. चिडचिडीचं अर्धं कारण ते आहे. मंडळाच्या मिटिंगमध्ये मांडा की हे वर्षभराचं काम आहे, मदतीच्या फंडातून काय होतं बघू, पाचजणी मिळून वाटून घेऊ. गलतीकरांच्या पत्रात ६ व्या अध्यायात पौल एका दमात म्हणतो एकमेकांची ओझी वाहा आणि दोनतीन वचनं सोडली की म्हणतो प्रत्येकाने आपला भार वाहावा, लोक म्हणतात हे परस्परविरोधी आहे, मला तर रोजच्या संसारासारखं अगदी बरोबर वाटतं. पोत्याला चार हात लागतात, पिशवी आपली आपण धरायची. तुम्ही पोतं एकटीने उचलत होतात आणि खांदा गेला, आता हे मी विनोदाने म्हणतेय पण पूर्ण विनोदही नाही.

मंडळ सोडू नका. भेटीचं काम सहा महिने दुसऱ्या कोणाला द्या आणि तुमचं नाव त्या यादीत खाली लिहायला सांगा, जिथे भेट द्यायच्या आजाऱ्यांची नावं असतात तिथे. हो, त्याच यादीत. लोक काय म्हणतील विचारलंत ना, दोघी-चौघी म्हणतील अरे देवा सिस्टरला पण शुगर, आणि मग डबा घेऊन येतील आणि डब्यात बटाट्याची भाजी असेल, शुगरवाल्याला बटाटा, तुम्ही ते खपवून घ्याल आणि हसाल.

मिस्टरांना आज रात्री सांगा. तुमच्या पत्रात ते बिचारे एकदाच आलेत, तेही न सांगितलेल्या माणसांच्या यादीत. वेणी घालायला शिकवा त्यांना, केस वाढेपर्यंत वेळ आहेच.

इथे मध्येच एक गोष्ट, कारण हे वाचणाऱ्या सगळ्या ताईंसारख्या नसतात. देवावर अवलंबून राहा, माणसांवर अवलंबून राहा म्हणते म्हणून कोणी असा अर्थ काढू नका की मार खा आणि परमेश्वरावर टाक. आपल्या बायकांना हे वाक्य फार ऐकवलं गेलंय. घरात हात उचलला जात असेल तर परमेश्वरावर टाकायचं म्हणजे बॅग भरून भरवशाच्या माणसाकडे जायचं आणि पोलिसात जायचं. तेही अवलंबून राहणंच आहे, योग्य माणसावर.

आता प्रार्थनेचं. कळवळा दे, कळवळा दे हे मागणं थोडे दिवस बाजूला ठेवा. ते मागतानासुद्धा तुम्ही देवाकडे देण्यासाठीच काहीतरी मागताय, म्हणजे परत ड्युटीवर. स्वतःसाठी मागा हो. खांदा दुखतोय, झोप येत नाही, भीती वाटते, पायाचं बोट काळं पडलेले पेशंट मी बघितलेत आणि मला तसलं व्हायचं नाहीये, हे असं, वॉर्डातल्या भाषेत. शब्द नाही सुचले तर ८८ वं स्तोत्र वाचा. बाकी बहुतेक रडगाण्यांच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, याच्यात येत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. मला ऑपरेशननंतर रात्री तेच बरं वाटायचं. आणि प्रभूच्या प्रार्थनेत तो शब्द आहे बघा, आमची रोजची भाकर. माझी नाही म्हटलंय, आमची, आणि महिन्याचं रेशन नाही, आजची. लहानपणापासून पाठ असल्यामुळे आपण त्यावरून एक्सप्रेससारखे धडधडत जातो.

कळवळा परत कधी येईल हे मला सांगता येणार नाही, औषधं लागू पडायला पण वेळ लागतो. पण जेव्हा येईल तेव्हा तो मंडळाच्या कामात येईल असं धरून चालू नका. बसमध्ये येईल, रेशनच्या रांगेत येईल, कोणीतरी बाई एका हाताने साडीचा पदर सावरायला धडपडत असेल आणि तुमचा खांदा तुमच्या आधी ओळखेल.

माझ्या त्या वहीचं काय झालं ते राहिलंच. बरी झाल्यावर मी खरंच फेडायला निघाले होते, सात-आठ घरी लाडू देऊन आले. भाभींच्या नावापुढे मात्र काय लिहायचं ते कळेना, एकदा डोकं धुतलं याचे किती लाडू होतात. त्यांचा एक स्टीलचा डबापण माझ्याकडे राहिला होता, त्यात त्यांनी शीरखुर्मा आणला होता. दोनदा रिकामाच परत द्यायला गेले, दोन्ही वेळा म्हणाल्या राहू द्या, आणीन पुन्हा काहीतरी त्यात. अजून माझ्याच ओट्यावर आहे. सध्या रवा भरून ठेवलाय.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा.

मावशी